देवाच्या सर्वज्ञतेवर मतदान

नोव्हेंबर २००३मध्ये अमेरिकेतील अटलांटा शहरात एक विलक्षण मतमोजणी झाली. ‘इव्हँजेलिकल थिऑलॉजिकल सोसायटी’ या प्रोटेस्टंट धर्मपंडितांच्या संस्थेचे वार्षिक अधिवेशन भरले होते आणि आपल्या दोन विद्वान सभासदांना संस्थेत ठेवावे की बाहेर काढावे, यावर सभासदांनी मते दिली. जॉन सँडर्स यांना काढून टाकण्याच्या बाजूने ३८८ मते पडली, विरोधात २३१. क्लार्क पिनॉक यांना ठेवण्याच्या बाजूने ४३२ मते पडली, विरोधात २१२. हकालपट्टीसाठी दोन तृतीयांश मतांची आवश्यकता होती. तेवढी मते न मिळाल्याने दोघेही वाचले. सँडर्स तर अगदी थोडक्यात वाचले.

या दोघांनी संस्थेच्या पैशाचा अपहार केला नव्हता की कोणाचे ग्रंथ चोरले नव्हते. त्यांनी एवढेच म्हटले होते की, मनुष्य उद्या आपल्या स्वतंत्र इच्छेने कोणता निर्णय घेईल, हे देवालाही आज पूर्ण निश्चयाने ठाऊक नसते. कारण तो निर्णय अजून घडलेलाच नाही.

पुण्यातील वा नाशिकमधील एखाद्या कुटुंबाने अटलांटातील या मतमोजणीची दखल का घ्यावी, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. ज्या इव्हँजेलिकल प्रवाहात देवाला उद्याचे ठाऊक असते की नसते यावर माणसे मोजावी लागली, त्याच प्रवाहाचे प्रचारक भारतातील खेड्यापाड्यांत ‘खरा देव कोणता’ याचे तयार उत्तर घेऊन फिरत असतात. घरी जो प्रश्न अनिर्णित आहे, त्याचे उत्तर परदारी मात्र अंतिम म्हणून सांगितले जाते. ही विसंगती मुळापासून समजून घेतली पाहिजे.

वाद नेमका कशाचा?

पारंपरिक ख्रिस्ती धर्मशास्त्रात देव सर्वज्ञ, सर्वशक्तिमान आणि अविकारी मानला आहे. ऑगस्टीन, तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस आणि सोळाव्या शतकातील कॅल्व्हिन या सर्वांच्या मांडणीत भेद असले, तरी देवाला भूत, वर्तमान आणि भविष्य यांचे संपूर्ण ज्ञान आहे यावर त्यांचे एकमत आहे. उंच शिखरावर उभा असलेला माणूस खालच्या वाटेवरचे सर्व वाटसरू एकाच वेळी पाहतो, तसा देव सर्व काळ एकदम पाहतो, असा दृष्टान्त या परंपरेत दिला जातो.

येथेच पेच निर्माण होतो. उद्या अमुक मनुष्य पाप करणार, हे देवाला अनादि काळापासून निश्चित ठाऊक असेल, तर त्या मनुष्याला वेगळे वागता येईल काय? येत असेल, तर देवाचे ज्ञान चुकीचे ठरेल. येत नसेल, तर त्याच्या पापाची जबाबदारी त्याच्यावर टाकणे अन्याय ठरेल. आणि पारंपरिक ख्रिस्ती मतानुसार जन्म एकच आहे, मृत्यूनंतर न्याय आहे आणि नरकवास कायमचा आहे. म्हणजे जे जीव अनंत काळ यातना भोगणार हे आधीच ठाऊक होते, ते जीव दयाळू देवाने मुळात निर्माण तरी का केले, हा प्रश्न टाळता येत नाही.

१९९४ साली पिनॉक, सँडर्स, रिचर्ड राइस, विल्यम हास्कर आणि डेव्हिड बेसिंजर या पाच अभ्यासकांनी मिळून ‘द ओपननेस ऑफ गॉड’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि हा पेच उघडपणे मांडला. त्यांच्या विचाराला ‘ओपन थीइझम’ म्हणजे खुला ईश्वरवाद असे नाव मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: देवाने मनुष्याला खरेखुरे स्वातंत्र्य दिले आहे, म्हणून भविष्याचा काही भाग देवासाठीही मोकळा आहे. देव मनुष्याशी खरा संवाद करतो, प्रार्थना ऐकून आपला बेत बदलतो, दुःखी होतो, धोका पत्करतो. अविकारी, अचल देवाची कल्पना बायबलमधून आलेली नसून ग्रीक तत्त्वज्ञानातून ख्रिस्ती धर्मात शिरली आहे.

हे पंडित बायबल नाकारणारे नव्हते. त्यांचा सारा आधारच बायबलचा होता. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात मनुष्य निर्माण केल्याबद्दल देवाला पश्चात्ताप होतो. बाविसाव्या अध्यायात अब्राहाम पुत्राचा बळी देण्यास सिद्ध होतो, तेव्हा त्याची निष्ठा आता आपल्याला कळली असे देवाच्या वतीने सांगितले जाते. योना संदेष्टा निनवे नगरीच्या नाशाची घोषणा करतो. पण लोक पश्चात्ताप करतात आणि देव आपला बेत रद्द करतो. हिज्कीया राजाला मृत्यू जवळ आल्याचे सांगितले जाते. तो रडून प्रार्थना करतो आणि त्याला पंधरा वर्षांचे आयुष्य वाढवून मिळते. भविष्य आधीच ठरलेले व ठाऊक असेल, तर या कथांना अर्थ कोणता, असा पिनॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा सवाल होता.

विरोधकांनीही बायबलच पुढे केले. देव माणसासारखा पस्तावत नाही आणि शेवट आरंभापासूनच जाणतो, अशी वचने त्यांनी दाखवली. गंमत अशी की शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातील पंधराव्या अध्यायात दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. शौलाला राजा केल्याचा देवाला पस्तावा झाला, असेही तेथे म्हटले आहे आणि देव कधी पस्तावत नाही, असेही म्हटले आहे. ज्या ग्रंथाच्या एका अध्यायात एवढी मोकळीक आहे, त्याच्या नावाने एकच एक अर्थ सक्तीचा करण्याचा उद्योग पुढे सुरू झाला.

दुःखातून उगवलेला प्रश्न

सँडर्स यांचा प्रश्न केवळ ग्रंथालयातून आलेला नव्हता. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द गॉड हू रिस्क्स’ या पुस्तकाच्या आरंभी त्यांनी आपल्या भावाचा रस्त्यावरील अपघातात झालेला मृत्यू सांगितला आहे. अपघाताच्या जागेवरून ते स्वतः गेले होते. मृत व्यक्ती आपला भाऊ आहे हे त्यांना नंतर कळले. भाविकांनी या मृत्यूला देवाची योजना म्हटले, की मनात जो प्रश्न उठतो त्याने त्यांना पुढे कित्येक वर्षे सोडले नाही. एखाद्या तरुणाचा मृत्यू देवाने आधीपासून पाहिलेला आणि योजलेला असेल, तर त्या देवावर प्रेम कसे करावे?

हा प्रश्न विचारणाऱ्या मनाचा हिंदू माणसाने आदरच केला पाहिजे. दुःखाच्या दर्शनानेच सिद्धार्थाने राजवाडा सोडला. मृत्यूच्या दारात तीन रात्री उपाशी बसलेल्या नचिकेत्याने प्रत्यक्ष यमाला प्रश्न विचारला आणि यमाने त्याला शिष्य म्हणून स्वीकारले. जिज्ञासूला उत्तर देणे किंवा उत्तर शोधायला मोकळे सोडणे, ही या देशाची रीत आहे. सँडर्स यांच्या वाट्याला काय आले, ते पाहिले म्हणजे दोन परंपरांतील अंतर स्पष्ट होते.

बहुमताने ठरलेला देव

नोव्हेंबर २००१मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील अधिवेशनात याच सोसायटीने एक ठराव संमत केला. देवाला भूत, वर्तमान आणि भविष्य यांचे संपूर्ण व अचूक ज्ञान आहे आणि स्वतंत्र जीवांचे भावी निर्णयही त्यात येतात, असा त्याचा आशय. बाजूने २५३ मते, विरोधात ६६, तटस्थ ४१. पुढच्याच वर्षी संस्थेचे एक संस्थापक सभासद रॉजर निकोल यांनी पिनॉक आणि सँडर्स यांच्यावर रीतसर आरोप दाखल केले आणि प्रकरण २००३च्या मतदानापर्यंत पोहोचले.

येथे एक तांत्रिक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. आरोपाचे शब्द देवाच्या ज्ञानाविषयी नव्हते. १९४९ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या सभासदत्वासाठी बायबल निर्दोष आहे असे मानावे लागते आणि या दोघांच्या मतांमुळे त्या अटीचा भंग होतो, असा आरोप होता. पिनॉक यांनी आपल्या पुस्तकातील एका वादग्रस्त तळटीपेचा खुलासा केला आणि त्यांचे पारडे जड झाले. मात्र या तांत्रिकतेच्या पदराआड काय होते, हे कोणापासून लपलेले नव्हते. देवाविषयीचे एक मत अमान्य होते आणि ते मांडणाऱ्यांना दार दाखवायचे होते. पिनॉक हे काही बाहेरून आलेले पाखंडी नव्हते. १९६०च्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या बॅप्टिस्ट धर्मविद्यालयात शिकवताना बायबलच्या निर्दोषत्वाचे ते खंदे पुरस्कर्ते म्हणून गाजले होते. ज्याने एके काळी तटबंदी बांधली, त्यालाच तटाबाहेर ढकलण्याची वेळ संस्थेवर आली.

अटलांटात वाचलेले सँडर्स आपल्या महाविद्यालयात मात्र वाचले नाहीत. ते इंडियाना राज्यातील हंटिंग्टन कॉलेजमध्ये शिकवत होते. नोकरी कायम होती. २००४च्या अखेरीस संस्थेच्या विश्वस्तांनी त्यांना दूर करण्याचा निर्णय घेतला. कारण तेच: देवाच्या भविष्यज्ञानाविषयीचे मत. पुढे त्यांना आर्कान्सा राज्यातील हेंड्रिक्स कॉलेजमध्ये अध्यापनाची जागा मिळाली. पिनॉक यांचे २०१० साली निधन झाले.

विद्वानांमध्ये मतभेद असणे यात गैर काही नाही. ते नसतील तरच ज्ञानाची गती खुंटते. गैर आहे ते मतभेदाचा निकाल लावण्याचे साधन. देव उद्याचे जाणतो की नाही, हे हात वर करून ठरत नाही. बाजूने ३८८ मते पडली म्हणून देव सर्वज्ञ होत नाही आणि विरोधात २३१ पडली म्हणून त्याचे ज्ञान उणे होत नाही. युक्तिवाद संपतो तेथे मतपेटी येते आणि मतपेटीनेही भागत नाही तेथे नोकरी जाते. ज्या परंपरेत सत्य हे मुळातच सभासदत्वाची अट बनलेले असते, तिचा हा स्वाभाविक शेवट आहे.

अंधार कोणाचा?

आता याच कालखंडातील दुसऱ्या घटनेकडे वळावे. १९९९च्या शरद ऋतूत, ऐन दिवाळीच्या तोंडावर, अमेरिकेतील सर्वांत मोठ्या प्रोटेस्टंट पंथाच्या, म्हणजे सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनच्या, आंतरराष्ट्रीय मिशन मंडळाने एक प्रार्थना-पुस्तिका काढली. नव्वद कोटींहून अधिक हिंदू आशाहीन अंधारात हरवले आहेत, असा तिचा सूर होता आणि दीपोत्सवाच्या काळात त्या हिंदूंच्या धर्मांतरासाठी प्रार्थना करण्याचे आवाहन तीत होते. दिवाळीच्या पणतीला अंधाराचे चिन्ह ठरवण्याची ही बुद्धी कोणालाही वेदना देणारीच होती. भारतात आणि अमेरिकेतील हिंदू समाजात तिचा निषेध झाला.

या पुस्तिकेला जेमतेम आठ महिने उलटले असतील. जून २०००मध्ये याच कन्व्हेन्शनने ऑर्लँडो येथे आपल्या श्रद्धेचे जाहीर निवेदन सुधारून घेतले. सुधारणांपैकी एक देवाविषयीच्या कलमात होती. देवाचे परिपूर्ण ज्ञान सर्व गोष्टींना व्यापते आणि त्याच्या स्वतंत्र जीवांचे भावी निर्णयही त्यात येतात, हे शब्द मुद्दाम घालावे लागले. ते आधीच्या निवेदनात नव्हते. खुल्या ईश्वरवादाचे वारे आपल्या घरात शिरू नये म्हणून दाराला नवी कडी बसवली गेली.

या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे चित्र पूर्ण होते. ऑक्टोबर १९९९मध्ये ज्यांनी नव्वद कोटी लोकांच्या ईश्वरविचाराला अंधार म्हटले, त्यांनाच जून २०००मध्ये आपला देव काय जाणतो याविषयीचे कलम दुरुस्त करावे लागले. स्वतःच्या धर्मनिवेदनात बदल करण्याचा त्यांना अधिकार आहे. तो कोणी नाकारत नाही. प्रश्न एवढाच की, ज्यांच्या अंगणात एवढी चाचपड चालू आहे, त्यांनी दुसऱ्याच्या देवघरातील दिव्याला अंधार म्हणावे काय?

लोणावळ्याचा धडा

हा प्रकार केवळ अमेरिकन प्रोटेस्टंटांपुरता आहे, अशी पळवाट कोणी काढू नये. कॅथलिक चर्चमधील उदाहरण तर महाराष्ट्रातलेच आहे. अँथनी डिमेलो हे १९३१ साली मुंबईत जन्मलेले जेझुइट धर्मगुरू. त्यांनी पुण्यात आणि पुढे लोणावळ्यात ‘साधना’ ही संस्था चालवली. ध्यान, श्वासाकडे लक्ष, मौन, पूर्वेकडील बोधकथा या मार्गांनी प्रार्थना शिकवणाऱ्या त्यांच्या पुस्तकांना जगभर वाचक मिळाले. १९८७ साली न्यू यॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

निधनाला अकरा वर्षे झाल्यावर, जून १९९८मध्ये, व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक मंडळाने त्यांच्या लेखनाविषयी अधिसूचना काढली. मंडळाचे प्रमुख होते कार्डिनल रॅट्झिंगर, जे २००५ साली पोप झाले. अधिसूचनेतील आक्षेप देवाच्या स्वरूपाचाच होता. डिमेलो यांच्या लेखनात देव व्यक्तिरूप न राहता एका निराकार वैश्विक तत्त्वासारखा होतो, देवाविषयी काही बोलणेच व्यर्थ ठरते आणि येशू अनेक गुरूंपैकी एक बनतो. ही मते कॅथलिक श्रद्धेशी विसंगत असून त्यांपासून गंभीर हानी होऊ शकते, असा त्याचा आशय होता.

उपनिषदांनी जे ‘नेति नेति’ या दोन शब्दांत सांगितले, त्याची नुसती चाहूल एका धर्मगुरूच्या लेखनात लागली आणि मृत्यूनंतरही त्याची झडती घेतली गेली. अमेरिकेत देव फार मोकळा, फार मानवी केला म्हणून शिक्षा. लोणावळ्यात देव फार निराकार केला म्हणून ताकीद. दोन्हीकडे चूक एकच मानली गेली: ठरवून दिलेल्या चौकटीबाहेर देवाचा विचार करणे. आणि त्याच वेळी ध्यानाचे वर्ग, आश्रम, आरती, भगवी वस्त्रे असे हिंदू उपासनेचे बाह्य रूप घेऊन ‘भारतीय’ ख्रिस्ती धर्म उभारण्याचे प्रयोगही चालू राहतात. वेष चालतो, विचार चालत नाही, हे या प्रकरणाचे सार आहे.

पंडितांनी हेच विचारले होते

या प्रश्नांचा भारताशी संबंध आजचा नाही. १८३९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील स्कॉटिश अधिकारी जॉन म्यूर यांनी ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ संस्कृतात लिहून ख्रिस्ती मताची श्रेष्ठता प्रतिपादली. त्याला तीन पंडितांनी संस्कृतातच उत्तरे दिली. त्यांपैकी दोघे महाराष्ट्रीय घराण्यांतील होते: सिहोरचे सुबाजी बापू आणि काशीचे नीळकंठशास्त्री गोरे. गोरे यांनी १८४४-४५च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला, तेव्हा ते विशीतच होते.

या उत्तरांमध्ये पंडितांनी जे आक्षेप घेतले, ते आज वाचताना सँडर्स आणि पिनॉक यांची आठवण व्हावी. पूर्वजन्म नसेल, तर एक मूल आंधळे आणि दुसरे धडधाकट का जन्मते? ज्याने काहीच केले नाही त्या अर्भकाला आणि मुक्या जनावराला दुःख का? मर्यादित आयुष्यातील मर्यादित पापाला अमर्याद नरकाची शिक्षा हा कोणता न्याय? या प्रश्नांकडे त्या काळच्या बहुतेक मिशनऱ्यांनी मूर्तिपूजकांचा हेकटपणा म्हणून पाहिले. दीडशे वर्षांनी तोच पेच त्यांच्याच धर्मविद्यालयांत अव्वल दर्जाचा शास्त्रीय वाद ठरला.

पुढे नीळकंठशास्त्री स्वतः १८४८ साली ख्रिस्ती झाले, नेहेमिया गोरे म्हणून प्रसिद्ध झाले आणि १८६०च्या ‘षड्दर्शनदर्पणा’त त्यांनी हिंदू दर्शनांचेच खंडन केले. धर्मांतराचे समर्थक हे नाव अभिमानाने घेतात. घ्यावे, पण माणूस पक्ष बदलतो म्हणून त्याचा युक्तिवाद बदलत नाही. विशीतील गोरे यांचे प्रश्न त्यांच्या बाप्तिस्म्याने सुटले नाहीत. ते सुटले असते, तर अटलांटात मतमोजणीची पाळी आली नसती.

१८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद केला. शेकडो श्रोत्यांसमोर प्रश्नाला प्रश्न आणि प्रमाणाला प्रमाण दिले गेले. हीच या भूमीची पद्धत: प्रतिपक्षाला समोर बसवून ऐकायचे आणि मग उत्तर द्यायचे.

ही भूमी वादाला भ्यालेली नाही

ईश्वर आहे काय, असल्यास कसा, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी जितका निर्भयपणे हाताळला तितका क्वचितच कोणी हाताळला असेल. सांख्यांनी जगाच्या उपपत्तीसाठी ईश्वराची गरज मानली नाही. वेदाचे परम अभिमानी असलेल्या मीमांसकांनी जगत्कर्ता ईश्वर नाकारला. कुमारिलांनी तर कोणी सर्वज्ञ असू शकतो ही कल्पनाच खोडून काढली. नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वराची सिद्धी केली, ती मतदानाने नव्हे, अनुमानाने. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रह’ लिहिला, तेव्हा आरंभच चार्वाकापासून केला.

सँडर्स यांना ज्या प्रश्नाने छळले, तो ब्रह्मसूत्रांत नावानिशी येतो. जगात एक सुखी, एक दुःखी. मग ईश्वरावर वैषम्याचा म्हणजे पक्षपाताचा आणि नैर्घृण्याचा म्हणजे निर्दयतेचा दोष येत नाही काय? सूत्रकारांनी पूर्वपक्ष झाकला नाही. तो सर्वांत कठोर शब्दांत मांडला. शंकराचार्यांचे उत्तर असे की, ईश्वर पर्जन्यासारखा आहे. पाऊस सर्व शेतांवर सारखाच पडतो. भात उगवते की जव, हे बीजावर अवलंबून असते. जीवांच्या कर्मानुसार फळात भेद होतो. यावर, मग पहिले कर्म कोणते, हा उपप्रश्नही तेथेच घेतला आहे आणि संसार अनादि आहे हे त्याचे उत्तरही दिले आहे. हे उत्तर सर्वांनाच पटावे असा आग्रह नाही. रामानुजांनी वेगळी मांडणी केली, मध्वांनी त्याहून वेगळी. अद्वैत, विशिष्टाद्वैत आणि द्वैत यांच्यात देवाच्या स्वरूपाविषयी जेवढे अंतर आहे, तेवढे अंतर पिनॉक आणि त्यांच्या विरोधकांत खचितच नव्हते. तरीही शृंगेरी, मेलकोटे आणि उडुपी आजही उभ्या आहेत आणि तिन्ही ठिकाणी दर्शनाला जाणारा हिंदू एकच आहे.

येथे कोणी म्हणेल की हिंदू समाजातही बहिष्कार झाले. झाले, हे मान्य केले पाहिजे. ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांना संन्याशाची मुले म्हणून छळ सोसावा लागला. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, असे परंपरा सांगते. ती समाजाची पापे होती आणि त्यांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण तो छळ आचार, अधिकार आणि जातीच्या अहंकारातून झाला. देवाचे अमुक स्वरूप मानले म्हणून नव्हे. आणि अखेर समाजाने निवाडा कोणाच्या बाजूने दिला? छळ करणाऱ्यांचा उत्सव आज कोणी करत नाही. पालख्या मात्र ज्ञानोबा-तुकोबांच्या निघतात. चूक सुधारण्याची ही शक्ती त्या परंपरेतच असते, जिने सत्याचा मक्ता कोणा एका पीठाला दिलेला नसतो.

कार्यकर्त्यांपुढील काम

या सर्व विवेचनाचा हेतू ख्रिस्ती बांधवांच्या श्रद्धेची टवाळी करणे हा नाही. वसईत, नगर जिल्ह्यात, कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे मराठी ख्रिस्ती याच मातीचे आहेत. त्यांच्या घरातील प्रार्थनेशी कोणाचे भांडण असू नये. भांडण आहे ते ‘सत्य फक्त आमच्याकडे आहे आणि तुम्ही अंधारात आहात’ या दाव्याशी आणि त्या दाव्यावर उभारलेल्या धर्मांतराच्या संघटित यंत्रणेशी.

हा दावा घोषणांनी खोडून निघत नाही आणि हाणामारीने तर मुळीच नाही. हिंसेने प्रश्न विचारणाराच गुन्हेगार ठरतो आणि प्रश्न बाजूला पडतो. दावा खोडायचा तर अभ्यास हवा. दाराशी आलेल्या प्रचारकाला घरातल्या तरुणाने आदराने बसवावे, पाणी द्यावे आणि शांतपणे विचारावे: महाराज, मी आज तुमचे ऐकणार की नाही, हे तुमच्या देवाला ठाऊक होते काय? ठाऊक असेल, तर माझ्या नकाराची शिक्षा मला का? ठाऊक नसेल, तर तुमच्याच पंडितांनी असे म्हणणाऱ्यांना बाहेर काढण्यासाठी मते का दिली? या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत दुसऱ्याच्या देवाला खोटे म्हणण्याची घाई नको, एवढेच त्याला सांगावे.

पण असा प्रश्न विचारण्याआधी त्या तरुणाला स्वतःच्या घरचे उत्तर ठाऊक असले पाहिजे. आज मध्यमवर्गीय हिंदू घरात आरती पाठ असते, पण वैषम्य-नैर्घृण्याचा विचार कोणी ऐकलेलाही नसतो. मुलाने ‘देव असताना आजीला एवढे दुःख का झाले’ असे विचारले, तर त्याला गप्प बसवले जाते. मुलाला गप्प बसवणारे घर आणि सँडर्सना बाहेर काढणारे विश्वस्त यांच्यात मग फरक तो काय उरला? ज्या घरात प्रश्नाला जागा मिळत नाही, त्या घरातील मूल उद्या कोणाच्याही तयार उत्तराला भुलते. धर्मांतराचे दार पुष्कळदा आतून उघडते.

म्हणून शाखेवरच्या बौद्धिकात, मंडळाच्या व्याख्यानमालेत, घरातील रात्रीच्या जेवणानंतरच्या गप्पांत हे विषय आले पाहिजेत. सांख्य काय म्हणतात, मीमांसक काय म्हणतात, शंकराचार्यांनी पावसाचा दृष्टान्त का दिला, तुकोबा विठ्ठलाशी का भांडतात, हे मुलांना त्यांच्या भाषेत सांगितले पाहिजे. अटलांटात ३८८ विरुद्ध २३१ मतांनी जो प्रश्न सुटला नाही, तो येथे हजारो वर्षे मोकळ्या हवेत चर्चिला गेला आहे. हा वारसा कपाटात बंद ठेवून कोणत्याही आक्रमणाचा सामना करता येणार नाही. तो उघडून वाचणे हेच पहिले काम आहे.